ब्राझीलचे सूर – लेखांक ६ : शिको बुआर्की यांचे ‘कोन्स्त्रुसांव’

‘कोन्स्त्रुसांव’, म्हणजे बांधकाम, ही शिको बुआर्की यांची ध्वनिमुद्रिका १९७१ मध्ये फिलिप्स कंपनीने काढली. ब्राझीलमधील लष्करी राजवटीचा तो सर्वांत कडक काळ. डिसेंबर १९६८ च्या फर्मानाने नागरी हक्क गुंडाळले गेले होते आणि प्रत्येक गाणे सेन्सॉरच्या टेबलावरून जात होते. बुआर्की १९६९ च्या सुरुवातीला इटलीला गेले आणि मार्च १९७० मध्ये परतले. परतल्यावर त्यांनी ‘आपेझार जि व्होसे’ ही तबकडी काढली. वरकरणी ते हेकेखोर प्रेयसीशी चाललेले भांडण. सेन्सॉरने बिनतक्रार मंजुरी दिली. रोख राष्ट्राध्यक्ष मेदिसी यांच्यावर आहे हे ध्यानात आले तोवर ती भरपूर खपली होती. मग बंदी आली.

नव्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकगीतात असा कोणावरही रोख नाही. एक गवंडी घरच्यांचा निरोप घेऊन कामावर जातो, भिंती उभारतो, दुपारी चार घास खातो, तोल जाऊन पडतो आणि रस्त्यावर मरतो. गोष्ट एवढीच. जे सांगायचे ते रचनेत आहे. पोर्तुगीजमध्ये आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. इथे प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द शेवटून तिसऱ्या अक्षरावर आघात घेणारा आहे. आघातापर्यंत बारा अक्षरे, आणि पुढची दोन घसरत खाली जातात. सतरा ओळी संपल्या की तीच गोष्ट पुन्हा सुरू होते, पण ओळींच्या टोकाचे शब्द बदललेले असतात. विटा त्याच, जागा निराळ्या. तिसरी फेरी अवघ्या सात ओळींची आहे. पहिल्या फेरीत गवंड्याच्या मरणाने वाहतुकीचा खोळंबा होतो, दुसऱ्या फेरीत लोकांचा आणि तिसऱ्या फेरीत त्यांच्या शनिवारचा. सेन्सॉरने यातला कोणता शब्द खोडावा?

चाल मोजक्याच सुरांत फिरते. आरंभी गिटार आणि शांत सांबा. मग रोजेरिउ दुप्रात यांचा वाद्यवृंद कर्कश ब्रास वाद्यांसह चढत जातो. १९६८ च्या त्रोपिकालिया चळवळीचे संगीत-संयोजक तेच. ‘एमपीबी-४’ या गायकवृंदाचे आवाजही मिसळतात.

बाकीची गाणी एका तोलाची नाहीत. ‘कोतिजियानु’ दांपत्याच्या ठरावीक दिनक्रमाचे, आणि फार नेमके. ‘वाल्सिन्या’ हे विनिसियुस जि मोराइस यांच्यासोबतचे वॉल्ट्झ हळवे, पण सुरेख. हद्दपारीवरच्या ‘सांबा जि ओर्ली’मध्ये मात्र सेन्सॉरला खोडायला काही सापडले: विनिसियुस यांची ओळ बदलावी लागली.

ध्वनिमुद्रिका पहिल्या गाण्यापासून क्रमानेच ऐकावी. ‘देउस ल्ये पागी’ हे उपरोधिक आभारगीत आरंभी येते आणि चौथ्या क्रमांकावरील शीर्षकगीताच्या अखेरीस पुन्हा उसळते. आधी न ऐकणाऱ्याला गवंड्याच्या मृत्यूनंतरचे हे आभार कोण कशाबद्दल मानत आहे, याचा धागा लागत नाही.