ओंडका चढवणारे चार वेढे

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे आणि त्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं. डोंगरउतारावरच्या अशा रानांत पुष्कळदा रस्ता वर असतो नि तोडलेलं झाड खाली. तिथं अवजड ट्रॅक्टर उतरवला, तर माती दबते, चाकोऱ्या पडतात आणि पावसाचं पाणी त्याच वाटेनं माती वाहून नेतं. म्हणून यंत्र वर ठेवून नुसता ओंडका हलवणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

त्यासाठी एका माणसाला उचलता येईल एवढी विंच, म्हणजे दोर ओढणारं यंत्र, पुरते. अशा काही विंचना इंजिन असतं 50 सीसीचं, एकेकाळी आपल्याकडच्या लुनाला होतं तेवढंच.

आता हिशेब पाहा. मेपलचा 30 सेंटिमीटर जाड, 4 मीटर लांब ओला ओंडका सुमारे 250 किलोंचा. 30 अंशांच्या चढावर निम्मं वजन, म्हणजे 125 किलो, त्याला खाली खेचतं. घर्षणांक 0.6 धरला, तर जमिनीचा विरोध आणखी 130 किलोंचा. म्हणजे फरफटत नेण्यासाठी लागणारा जोर सरळ वर उचलण्याएवढाच! शिवाय पुढचं टोक माती नांगरू लागलं किंवा एखाद्या खुंटाला अडलं, की ताण एकदम वाढतो. म्हणून टोकावर प्लास्टिकची शंकूसारखी टोपी चढवतात. ती अडथळ्यांवरून घसरत जाते.

खाली जे घर्षण छळतं, तेच वर विंचमध्ये कामाला येतं. दोर फिरत्या रुळावर साठवत नाहीत. तीन-चार वेढे देऊन सुटं टोक माणूस हातानं ओढत राहतो. गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरनं 18व्या शतकातच या वेढ्यांचं गणित मांडलं होतं. रूळ आणि दोर यांच्यातला घर्षणांक 0.2 असेल, तर दर वेढ्याला पकड साडेतीनपट होते. चार वेढ्यांत दीडशेपट. 255 किलोंची ओढ हाताला दोन किलोंहूनही कमी जाणवते. हात सैल सोडला, की वेढे घसरतात आणि ओढ थांबते.

खरा धोका असतो तो दोराची दिशा वळवण्यासाठी झाडाला पट्ट्यानं बांधलेल्या कप्पीपाशी. दोर तिथं पूर्ण उलटा वळवला, तर कप्पी बांधलेल्या पट्ट्यावर दुप्पट ताण येतो. काटकोनात वळवला, तरी सुमारे 1.4 पट. तो पट्टा तुटलाच, तर दोराच्या कोनात उभ्या असलेल्या माणसावर कप्पी झेपावते. त्या कोनात कधीही उभं राहू नये. नायलॉनचा दोर ताणून बरीच ऊर्जा साठवतो, म्हणून कमी ताणणारा पॉलिएस्टरचा दोर बरा. आणि पट्टा रुंदच हवा: अरुंद दोरानं साल सोलवटली, तर ज्या झाडाचा आधार घेतला तेच जखमी होतं.