दीपगृह समोर आहे, पण आपण कुठे आहोत?

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडी तुम्ही पाहिली असेल. किल्ला समोर दिसतो, पण होडी सरळ जात नाही, कारण मधे खडक आहेत. 1664 साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, तेव्हापासून या खडकांनी त्याची राखण केली. पण खडक शत्रू-मित्र बघत नाही. ओहोटीला डोकं वर काढतो, भरतीला पाण्याखाली जातो. निवतीसमोरच्या वेंगुर्ला रॉक्सवर निदान दीपगृह आहे, बाकीच्यांचं काय?

न दिसणाऱ्या खडकासाठी दिसणारी खूण वापरायची. समजा, तुम्ही किनाऱ्याने उत्तरेकडे चाललात. जमीन उजवीकडे, पुढच्या टोकावर दीपगृह, मधे किनाऱ्याच्या बाजूला बुडालेले खडक. चार्टवर दीपगृहापासून एक रेघ ओढा, खडकांच्या बाहेरून, चांगलं अंतर राखून. या रेघेवरून दीपगृह 20 अंशांवर दिसतं असं धरू. अंश उत्तरेपासून उजवीकडे मोजायचे. तुम्ही रेघेबाहेर खोल समुद्रात असाल, तर ते 25, 30 वर दिसेल. आत सरकलात, तर 15, 10 वर. म्हणजे लक्षात एवढंच ठेवायचं: 20 पेक्षा कमी नको.

आता खरा धोका बघा. पश्चिमेचा वारा होडीला किनाऱ्याकडे ढकलतोय. तांडेलाने होडीचं तोंड दीपगृहावर धरलंय, त्याला वाटतं आपण बरोबर चाललोय. दीपगृह तर समोरच आहे! पण होकायंत्र सांगतं: 20, 18, 15. होडी खडकांवर चालली आहे. आकडा उतरायला लागला की लगेच बाहेर वळायचं, आणि तो 20 च्या वर आल्याशिवाय परत आत यायचं नाही.

होकायंत्राजवळ लोखंड किंवा मोबाइल ठेवू नका. तीन सागरी मैलांवरून 5 अंशांची चूक म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर. म्हणून तर रेघ खडकाला चिकटून ओढायची नाही.

आणि पावसाच्या सरीत खूणच दिसेनाशी झाली, तर? अंदाजाने पुढे जायचं नाही. सरळ खोल पाण्याकडे वळायचं. घरी उशिरा पोचलं तरी चालेल.