विश्लेषण : वॉर्डातून ओटीत जाताय? कोणती नोकरी धरावी?

वॉर्डात दोन-तीन वर्षे काढली की अनेक नर्सना ऑपरेशन थिएटरचे, म्हणजे रुग्णालयाच्या भाषेत ‘ओटी’चे वेध लागतात. वॉर्डात एकाच वेळी अनेक रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि न संपणारी लिखापढी. ओटीत एका वेळी एक रुग्ण आणि एक काम. शिवाय हाताला वेगळे कौशल्य लागते. समजा, नाशिकच्या एका वॉर्डात काम करणाऱ्या जीएनएम सिस्टरसमोर दोन पर्याय आहेत. पुण्यातले तीनशे खाटांचे रुग्णालय म्हणते, ‘सहा महिने ट्रेनी म्हणून या.’ तालुक्याच्या गावातले पंचवीस खाटांचे हॉस्पिटल महिन्याला तीन हजार जास्त देते आणि सोमवारपासून थेट टेबलाजवळ उभे करते. तिसरा पर्याय सरकारी भरतीची वाट पाहण्याचा. अशा वेळी बहुतेक जण पगार आणि घरापासूनचे अंतर पाहून ठरवतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

ओटीत नर्सचे काम नेमके काय?

मुख्य भूमिका दोन. ‘स्क्रब नर्स’ हात धुऊन, निर्जंतुक गाऊन-ग्लोव्हज घालून सर्जनच्या समोर उभी राहते आणि ट्रॉलीवरची हत्यारे हातात देते. ‘सर्क्युलेटिंग नर्स’ निर्जंतुक क्षेत्राबाहेर राहून लागेल ते पुरवते, नोंदी ठेवते. या दोघींनी मिळून करायचे सर्वात महत्त्वाचे काम म्हणजे ‘काउंट’. शस्त्रक्रियेआधी, पोट बंद करण्याआधी आणि शेवटी मॉप, गॉज, सुया आणि हत्यारे मोठ्याने मोजायची व लिहायची.

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या १९ मुद्द्यांच्या तपासणी यादीत रुग्ण ओटीबाहेर जाण्याआधी हा काउंट बरोबर असल्याचे नर्सने बोलून सांगायचे असते. ही यादी तयार करणाऱ्या मोहिमेचे नेतृत्व डॉ. अतुल गवांदे यांनी केले. त्यांचे घराणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. दिल्लीसह आठ शहरांत या यादीची चाचणी झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, तर मोठी गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर.

काउंट चुकला तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका महिलेची प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. काही दिवसांनी पुन्हा पोट उघडले तेव्हा आत मॉप सापडला. ती वाचली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पोटात मॉप राहणे हाच हलगर्जीपणाचा पुरावा आहे, असे मानून न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य सरकारला जबाबदार धरले. घटना आणि निकाल यांत तेहतीस वर्षे गेली.

मोठे रुग्णालय की छोटे?

छोट्या हॉस्पिटलचा फायदा खरा आहे. तिथे एकाच आठवड्यात सिझेरियन, हर्निया, अपेंडिक्स, मोडलेल्या हाडाला प्लेट, गर्भाशय काढणे असे सगळे पाहायला मिळते. ड्रम भरणे, ऑटोक्लेव्ह लावणे, हत्यारे धुणे हेही स्वतः करावे लागते. त्यामुळे निर्जंतुकीकरण कागदावर नाही, हातात बसते. सर्जन नावाने ओळखतात. वर्षभरात हात तयार होतो.

मात्र तिथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे : मी स्क्रब झाले की बाहेर कोण असते? उत्तर ‘वॉर्डबॉय असतो ना’ किंवा ‘मावशी देतील काय लागेल ते’ असे आले, तर काउंट तपासणारी दुसरी प्रशिक्षित नजर तिथे नाही, असा अर्थ होतो. रात्री दोनच्या सिझेरियनमध्ये रक्तस्राव सुरू झाला, भराभर मॉप आत जाऊ लागले, तर ते मोजणार कोण आणि लिहिणार कोण? काउंटच्या कागदावर सही मात्र नर्सचीच असते. नवख्या माणसाने ही जोखीम तीन हजारांसाठी घ्यावी का? या प्रतिनिधीचे मत विचाराल तर, नाही.

मोठ्या रुग्णालयात हत्यारे निर्जंतुक करण्याचा विभाग वेगळा असतो, पद्धती लिखित असतात, अनुभवी सिस्टर सोबत उभी राहते. त्रास वेगळाच असतो. एकदा हृदयशस्त्रक्रियेच्या किंवा डोळ्यांच्या ओटीत टाकले की दोन-दोन वर्षे तिथून हलवत नाहीत. काही ठिकाणी स्क्रबचे काम ओटी टेक्निशियनच करतात आणि नर्सकडे फक्त नोंदी व सामानाचे हिशेब उरतात. (इंजिनीअरिंगवाल्यांना हे ओळखीचे वाटेल. कंपनीचे नाव मोठे आणि काम एक्सेल शीट भरण्याचे.) म्हणून ‘ट्रेनी’ शब्दाला घाबरण्यापेक्षा त्या सहा महिन्यांत कोणकोणत्या ओटीत फिरवणार आणि किती केसेसमध्ये स्क्रब होऊ देणार, हे विचारावे. उत्तर मोघम आले, तर हा पर्यायही तितकासा चांगला नाही.

सरकारी नोकरीचे काय?

‘एम्स’च्या ‘नॉरसेट’ परीक्षेतून लागणाऱ्या नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. नागपूरचे एम्सही त्यात येते. खासगीत नवख्या ओटी नर्सला एवढे क्वचितच मिळते. पण सरकारी नोकरीत नेमणूक रुग्णालयात होते, ओटीत होईलच असे नाही. आज ओटी, उद्या प्रसूती कक्ष. ज्यांना फक्त ओटीच करायची आहे, त्यांनी हे गृहीत धरावे.

इथेच एक मेख आहे. नॉरसेटला बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएम झालेल्यांना मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे नाशिकच्या त्या सिस्टरचा वॉर्डातला अनुभव पन्नास खाटांच्या रुग्णालयातला नसेल, तर तालुक्याच्या पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलात कितीही सफाईने काम केले तरी ती दोन वर्षे या परीक्षेसाठी मोजली जाणार नाहीत. ऑफर स्वीकारताना हे सहसा कुणी सांगत नाही.

खासगी रुग्णालयांतील पगाराबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्राने समिती नेमली होती. तिने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही किमान २० हजार रुपये आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली असल्याने मुलाखतीत या आकड्यांचा आधार घेता येतो, हमी धरता येत नाही.

कोर्स आधी की नोकरी आधी?

भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता असलेला ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा नोंदणीकृत नर्सना करता येतो. तो उपयोगी आहे, पण किमान सहा महिने ओटीत उभे राहिल्यावर करावा. सहा-सात तास एका जागी उभे राहणे, मास्कमागे न बोलता काम करणे सगळ्यांनाच मानवते असे नाही. ते फी भरण्याआधी कळलेले बरे.

मुलाखतीत आणखी काय विचारावे?

महिन्याला किती ऑन-कॉल ड्युट्या आणि रात्री बोलावल्यास गाडी कोण पाठवते, हे आधी विचारावे. त्याचे पैसे वेगळे की पगारातच धरलेले, हेही. हाडांच्या शस्त्रक्रियांत सी-आर्मचा एक्स-रे चालू असतो. तिथे नर्ससाठी लेड ॲप्रन आणि किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज आहे का, हे पाहावे. गरोदरपणाची लेखी कल्पना दिल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला पोहोचणाऱ्या किरणोत्सर्गावर एक मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. त्या काळात दुसऱ्या ओटीत बदली देतात का, हे विचारण्यात संकोच नको. हेपटायटिस बी ची लस झाली आहे का, सुई टोचल्यास कोणाला कळवायचे, हे पहिल्याच दिवशी माहीत हवे.

मूळ प्रमाणपत्रे जमा करून घेणारे हॉस्पिटल असेल, तर साक्षांकित प्रतीच द्याव्यात. नेमणूकपत्रात आणि पुढे अनुभवपत्रात ‘स्टाफ नर्स’ एवढेच न लिहिता ‘ऑपरेशन थिएटर’, कामाचा कालावधी आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या लिहून घ्यावी. आपण स्क्रब झालेल्या केसेसची तारीख व शस्त्रक्रियेचा प्रकार एका वहीत रोज नोंदवावा. रुग्णाचे नाव लिहू नये.