वाळूतला निळा फुगा

गेल्या पावसाळ्यात आम्ही बेळगावहून गोव्याला गेलो होतो. ‘अप्पा, फुगा!’ म्हणत धाकटी वाळूतली निळी वस्तू उचलायला धावली. मी वेळीच तिचा हात धरला. तो होता ब्लू बॉटल, जेलीफिशचा चुलतभाऊ. जेलीफिश निदान थोडी पोहते. याला तेही जमत नाही. हवेने फुगलेली पिशवी हेच याचे शीड. वारा नेईल तिकडे हा जातो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात, तेव्हा असे जीव आपल्या किनाऱ्याला येऊन लागतात. मेल्यावरही त्यांचे धागे डंख मारतात. म्हणून मुलांना पाण्याआधी वाऱ्याची दिशा पाहायला शिकवा, आणि वाळूत निळे काही दिसले तर हात लावू देऊ नका.