साठवण मोठी, वाट अरुंद
खास प्रतिनिधी, चंद्रपूर

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून परतणाऱ्या छायाचित्रकाराचे ६४ गिगाबाइटचे कार्ड बहुधा भरलेले असते. ते रात्रीतून रिकामे करून पहाटे पुन्हा मोहर्लीचे प्रवेशद्वार गाठायचे असते. छायाचित्रे इंटरनेटवर पाठवावीत, तर १० मेगाबिट अपलोड गतीला त्यासाठी १४ तास लागतात. गडचिरोलीतील भामरागड, एटापल्लीसारख्या दुर्गम तालुक्यांत तर तेवढा वेळ जोडणी टिकण्याचीही खात्री नसते. म्हणून घरच्या राउटरला जोडायची साठवण पेटी, म्हणजेच ‘नॅस’, सोयीची ठरते. मात्र स्वस्तातील पेटी घेतल्यावर, डिस्क चार टेराबाइटची असूनही एक कार्ड उतरायला दीड तास का लागतो, असा प्रश्न पडतो.

याचे उत्तर डिस्कमध्ये नसून डिस्कपर्यंतच्या वाटेत आहे. जाळ्याची गती बिटमध्ये मोजतात, फाइलचा आकार बाइटमध्ये; आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे १०० मेगाबिटच्या पोर्टमधून सेकंदाला कमाल १२.५, प्रत्यक्षात सुमारे ११ मेगाबाइट जातात. गिगाबिट पोर्टमधून हीच गती ११०पर्यंत पोहोचते आणि ६४ गिगाबाइट दहा मिनिटांत उतरू शकतात. आजची साधी हार्ड डिस्कही मोठ्या फाइल सेकंदाला १०० मेगाबाइटहून अधिक वेगाने लिहिते. अर्थात, अरुंद पोर्टमागे ती बराच वेळ नुसती वाट पाहत असते.

खोक्यावर ‘गिगाबिट’ छापलेले असले, तरी तेवढी गती मिळेलच असे नाही. २०१८ मधील ‘रास्पबेरी पाय ३ बी प्लस’ या छोट्या संगणकात गिगाबिट पोर्ट होते. पण ते आतून यूएसबी २.० मार्गाला जोडलेले असल्याने गती ३०० मेगाबिटच्या आसपास अडत असे. २०१९ च्या पुढील आवृत्तीत ही अडचण दूर झाली. काही स्वस्त पेट्यांत प्रोसेसरच दुबळा असतो.

राउटर आणि केबलही तपासावी. १०० मेगाबिटला केबलमधील आठपैकी चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एखादी तार तुटली, तर जोडणी गुपचूप १०० वर उतरू शकते. वाय-फायवर भिंती आणि अंतर यांमुळे गती आणखी घटते.

म्हणून खरेदीपूर्वी पेटी, राउटर आणि संगणक या तिन्हींचे पोर्ट गिगाबिट आहे का, ते पाहावे. नक्कल करताना संगणक केबलने जोडावा. इंटरनेटचे महागडे पॅकेज घेतल्याने घरातल्या घरातील ही गती वाढत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पहाटेच्या घाईत नक्कल अर्धवट असताना कार्ड पुसू नये. फाइल उघडून पाहाव्यात आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. पेटी बिघडली, तर त्यातील एकमेव प्रतही तिच्याबरोबरच जाऊ शकते.