नजर आणि नजरेची जबाबदारी

मराठीत 'दृष्ट लागणे' आणि 'नजर लागणे' हे दोन्ही वाक्प्रचार शेजारी शेजारी नांदतात. त्यांतील 'नजर' हा मूळचा अरबी शब्द फार्सीच्या वाटेने आपल्याकडे आला. अरब लोक मात्र या समजुतीला 'ऐन', म्हणजे डोळा, असे म्हणतात. ही समजूत इस्लामहून जुनी; ग्रीक आणि रोमन समाजांतही ती होती. इस्लामी परंपरेने ती नाकारली नाही. परंतु तिला जे वळण दिले ते विचार करण्याजोगे आहे.

इमाम मालिक (मृत्यू इ. स. 795) यांच्या 'मुवत्ता' या ग्रंथात एक प्रसंग येतो. सहल इब्न हुनैफ स्नान करीत असता आमिर इब्न रबीआ यांनी त्यांच्या कांतीची वाखाणणी केली आणि सहल जागीच कोसळले. पैगंबरांनी जाब विचारला तो आमिर यांना. भावाचे चांगले दिसताच त्याच्यासाठी बरकत का मागितली नाही, असा त्यांचा रोख होता. मग आमिर यांनी हातपाय धुतलेले पाणी सहल यांच्या अंगावर ओतण्यात आले व ते बरे झाले. हा उपचार आजच्या वाचकास पटणार नाही. पण त्यामागील नीती पटावी. येथे दोष कोणा निराधार स्त्रीच्या माथी मारलेला नाही; जबाबदारी पाहणाऱ्याची आहे. कौतुक करताना 'माशाअल्लाह' म्हणण्याचा रिवाजही हीच जबाबदारी सांगतो. कुराणाच्या 113व्या सूरेत मत्सरी माणसाच्या उपद्रवापासून ईश्वराचा आश्रय मागितला आहे, तोही याच अर्थाने पाहता येतो.

इब्न खल्दूनने 1377 मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त आणखी एक भेद केला. जादूटोणा हेतुपुरस्सर होतो, नजर मात्र पाहणाऱ्याच्या इच्छेवाचून लागते; म्हणून जादूगाराला असलेली मृत्युदंडाची शिक्षा नजर लागलेल्यासाठी कारण ठरलेल्या माणसाला देता येत नाही, असे त्याचे मत होते. त्याचा नजरेवर विश्वास होता. तरीही संशयापोटी शेजाऱ्याचा जीव घेण्यास त्याने आधार ठेवला नाही.

लोकाचार मात्र ग्रंथांच्या पुढे धावतो. तुर्कस्तानात निळा मणी, उत्तर आफ्रिकेत पंजाची आकृती सर्रास दिसते. वस्तुतः ताईत बांधण्याचा निषेध करणाऱ्या हदीसा आहेत. कुराणातील वचनांचा ताईत चालतो की नाही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण मण्यातच सामर्थ्य आहे असे मानणे तौहीदच्या, म्हणजे एकेश्वरनिष्ठेच्या, विरोधी ठरते. 2021 मध्ये तुर्कस्तानच्या सरकारी धर्मखात्यानेही निळा मणी वापरणे योग्य नसल्याचे सांगितले.

खरा प्रश्न तापाने फणफणलेल्या मुलाचा आहे. नजर उतरविण्यात दोन दिवस गेले तर त्याची किंमत मूल मोजते. आजारावर औषधोपचार करा, असे सांगणारी हदीसही त्याच परंपरेत आहे. श्रद्धावंताने प्रार्थना अवश्य करावी. परंतु तिच्या नावाखाली दवाखान्याची वाट अडवू नये. तशी मुभा त्याची परंपराही त्याला देत नाही.