काचेवरचं पाणी घरातलंच

डिसेंबर-जानेवारीत धानपट्ट्यातल्या केशोरी गावाच्या भागात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याहीखाली उतरतो. अशा सकाळी स्लॅबच्या घरात खिडकीच्या काचा आतून निथळत असतात. ओघळ स्लायडिंगच्या पट्टीत साचतो, कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके उमटतात. बाहेर धानाच्या बांध्यांवर धुकं, जवळच इटियाडोहाचा जलाशय. त्यामुळे ही ओल बाहेरून आली असं वाटणं साहजिक आहे. मग फटी बुजवल्या जातात, आणि पाणी आणखी वाढतं. कारण ते पाणी घरातच तयार झालेलं असतं.

त्याचा हिशोब मांडता येतो. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरांहून जास्त पाणी स्वयंपाकघराच्या हवेत मिसळतं. भाताच्या गंजातली वाफ त्याहून वेगळी. चार माणसं बंद खोलीत रात्रभर झोपली तर श्वासातून आणि त्वचेतून लिटरभर ओलावा सहज बाहेर पडतो. केशोरीसारख्या धानपट्ट्यात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: घरात रचलेले धानाचे कट्टे, म्हणजे पोती. खरेदी केंद्रावर धानात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. ४० किलोचा असा एक कट्टा १४ टक्क्यांपर्यंत सुकला, तर त्यातून जवळपास १.४ लिटर पाणी हवेत जातं. शिवाय घर नवीन असेल, तर स्लॅब आणि प्लास्टरमधलं पाणी सुकायलाच पहिला हिवाळा जातो. कवेलूच्या जुन्या घरात हे सगळं फटींतून निघून जायचं. स्लॅबच्या बंद घरात ही वाफ सर्वांत थंड जागा गाठते. बाहेर १० अंश आणि खोलीत २२ अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग साधारण १३ अंशांवर असतो. खोलीतली आर्द्रता ५५-६० टक्क्यांच्या वर गेली की तिथे दव धरतं. ॲल्युमिनियमची चौकट तर लाकडापेक्षा हजारेक पट वेगानं उष्णता वाहून नेते, म्हणून तीही भिजते.

तेव्हा काच पुसणं गरजेचं असलं तरी तो उपाय नव्हे. वाफ बाहेर जायला हवी. भांड्यावर झाकण, स्वयंपाक होताना खिडकी उघडी किंवा एक्झॉस्ट फॅन चालू, ओले कपडे झोपायच्या खोलीऐवजी उन्हात, आणि सकाळी समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघड्या.

बाहेर धुकं असताना खिडकी उघडायची कशी, असं कुणी विचारेल. पण १० अंशांच्या धुकट हवेतही घनमीटरमागे साडेनऊ ग्रॅमच्या आसपासच वाफ असते. तीच हवा आत येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली येते. दिसायला ओली असलेली ही हवा घर कोरडं करते. थंडीची तक्रार रास्त आहे, विशेषतः घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तेव्हा. पण दहा मिनिटांत हवा बदलते. भिंती आणि फरशी तेवढ्यात गार पडत नाहीत. उलट ऊब राहावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं जिवावर बेतू शकतं. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. ही गोष्ट घराघरात पुन्हा पुन्हा सांगायला हवी. डासांचा आक्षेप जाळीनं मिटतो. दुहेरी काचा हाही एक मार्ग आहे, पण या भागातल्या दोन महिन्यांच्या थंडीसाठी तो खर्च मला पटत नाही.

पावसाळ्यात मात्र हे गणित उलटतं. जुलैच्या हवेत घनमीटरमागे वीस ग्रॅमहून जास्त वाफ असते, त्यामुळे खिडकी उघडून घर कोरडं होत नाही. तेव्हा पंखाच कामाला येतो. आणि भिंतीवरची प्रत्येक ओल दवाचीच असते असंही नाही. शंका आली तर ओलसर भागावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं लावून एक दिवस ठेवावा. पाणी खोलीकडच्या बाजूला दिसलं तर ते हवेतलं, उपाय वर सांगितलेलेच. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडे साचलं तर ती पाझरणारी ओल. तिथे खिडक्या उघडून काही होणार नाही, गवंड्यालाच बोलवावं लागेल.